पाहुणा मास्तर

युरोपातून त्बिलिसीला येणारी बरीचशी विमानं अडनिड्या वेळी, पहाटे तीन-चारला उतरतात. २०१० च्या उन्हाळ्यापासून पुढची दोन-तीन वर्षं त्यांतून एक नवीनच जमात उतरू लागली. वय विशी-पंचविशीचं, पाठीवर डोक्याच्या वर जाणारी सॅक, पासपोर्ट अमेरिकेचा, कॅनडाचा, ब्रिटनचा नाहीतर ऑस्ट्रेलियाचा. कुणी कॉलेज नुकतंच संपवलेलं, कुणी मधूनच वर्षभराची रजा टाकलेली. २००८ च्या मंदीनंतर आपल्या देशात नोकरीचं काही जमेना म्हणून निघालेलेही त्यात होते. शिकवण्याचा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी नव्हता आणि तो कुणी मागितलाही नव्हता. इंग्रजी अस्खलित हवं, एवढी अट पुरे होती. जॉर्जियाचं सरकार त्यांना जाण्यायेण्याचं तिकीट, आरोग्यविमा आणि महिन्याला ५०० लारी देणार होतं. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेबारा हजार रुपयांच्या आसपास भरते. राहण्याची सोय मात्र हॉस्टेलात केलेली नव्हती. ज्या गावात शाळा, त्याच गावातल्या एका घरात एक खोली, आणि त्या घरच्यांबरोबर जेवण.

योजनेचं नाव ‘टीच अँड लर्न विथ जॉर्जिया’. कल्पना राष्ट्राध्यक्ष मिखाइल साकाश्विली यांच्या सरकारची, आणि त्यांच्या एकूण खाक्याला साजेशी. २००३ च्या नोव्हेंबरात हा गडी हातात गुलाब घेऊन संसदेत घुसला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एडवर्ड शेवर्दनाझ्झे यांना पायउतार व्हायला लावलं आणि त्यानंतर सगळा देशच एका दमात बदलायच्या मागे लागला. वाहतूक पोलीस लाच खातात ना, मग अख्खं खातंच बरखास्त करून हजारो पोलीस घरी पाठवले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकलेल्या साकाश्विलींना देशाची दुसरी भाषाही अशीच झटक्यात बदलायची होती. रशियनच्या जागी इंग्रजी.

देश लहान. लोकसंख्या सुमारे ३७ लाख, म्हणजे पुणे शहराहून थोडी जास्त. १९२१ पासून १९९१ पर्यंत सोव्हिएत अमलाखाली गेल्यामुळे चाळिशीच्या पुढचा कुठलाही माणूस रशियन बोलणारच. नोकरी, लष्कर, सिनेमा, विज्ञान, सगळ्याची ती भाषा. मग २००८ च्या ऑगस्टमध्ये रशियाशी पाच दिवसांचं युद्ध झालं. अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया, म्हणजे देशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, हातचा गेला तो गेलाच. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या बैठकीत ‘नाटो’ने जॉर्जियाला सदस्यत्वाचं, ‘कधीतरी नक्की’ असं आश्वासन दिलं होतं. मुलांनी कुठल्या दिशेला तोंड करून बोलायला शिकायचं, याचा निर्णय या पार्श्वभूमीवर झाला. इंग्रजी पहिलीपासून सक्तीची झाली आणि रशियन ऐच्छिक विषयांच्या रांगेत जाऊन बसली.

ही माणसं भाषेच्या बाबतीत बेफिकीर आहेत असं समजायचं कारण नाही. १४ एप्रिल १९७८ ला त्बिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर हजारो विद्यार्थी उतरले होते. प्रजासत्ताकाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढून टाकायचा घाट घातला गेला होता. सोव्हिएत राजवटीत असा मोर्चा म्हणजे थेट तुरुंगाचं आमंत्रण. तरीही पोरं हटली नाहीत आणि तेव्हा पक्षाचे स्थानिक सर्वेसर्वा असलेल्या त्याच शेवर्दनाझ्झेंना माघार घ्यावी लागली. तो दिवस आजही मातृभाषेचा दिवस म्हणून पाळला जातो. ३३ अक्षरांची आपली स्वतंत्र लिपी जिवापाड जपणारा हा समाज इंग्रजीला मात्र फारसा आडवा आला नाही. इंग्रजी दूरची होती, तिच्यामागून रणगाडे येण्याची धास्ती नव्हती.

अडचण होती ती माणसांची. गावोगावच्या शाळांत रशियनचे शिक्षक भरपूर. इंग्रजीच्या बाई होत्या, पण त्या सोव्हिएत काळातल्या संस्थांमधून व्याकरण घोटून आलेल्या. पुस्तकातला उतारा वाचायचा, जॉर्जियनमध्ये सांगायचा, मुलांनी वहीत उतरवायचा. कित्येक बाईंची उभी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, पण इंग्रजी बोलणारा परका माणूस समोर आला नव्हता. तेव्हा दर शाळेत एक इंग्रजीभाषक नेऊन बसवायचा, असं उद्दिष्ट शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं. तो त्या बाईंच्या जोडीने वर्गात उभा राहील आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवेल.

इथे एक हिशेब बघण्यासारखा आहे. स्वयंसेवकाच्या हाती येणाऱ्या ५०० लारींतले १०० लारी यजमान कुटुंबाला जायचे. साधारण अडीच हजार रुपये. त्यात तिन्ही वेळचं जेवण, वीज, पाणी, सरपण, कपडे धुणं. गावाकडच्या घराला दरमहा रोख शंभर लारी ही फुकाची गोष्ट नव्हती, पण त्या पैशांत एक वाढत्या वयाचा अमेरिकी पोरगा महिनाभर पोसून दाखवणं ही घरच्या बाईचीच करामत. शिवाय ज्या बाईंच्या वर्गात तो मदतनीस म्हणून उभा राहायचा, त्यांचा पगार पुष्कळदा त्याच्या मानधनाहून कमी असायचा. आणि खेड्यात यजमान घर निवडायचं म्हणजे मुख्याध्यापकांचा शब्द, त्यामुळे पाहुणा अनेकदा जायचा तो शाळेतल्याच एखाद्या बाईंकडे. दिवसभर वर्गात आपल्यापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या मदतनिसाला सांभाळा, मग घरी जाऊन त्याच्यासाठी रांधा.

घर म्हणजे काय, ते हिवाळ्यात कळायचं. कुटुंबाने पाहुण्याला स्वतंत्र खोली द्यावी असा नियम होता. नियम करणाऱ्याच्या मनात भलेपणाच असणार. पण जॉर्जियातल्या खेड्यात डिसेंबरपासून मार्चपर्यंत घरातली एकच खोली ऊबदार असते. तिथे पत्र्याची लाकडाची शेगडी पेटलेली असते, पेची म्हणतात तिला. धुराचा नळ खिडकीतून बाहेर काढलेला, वर चहाचं आधण, बाजूला मोजे वाळत घातलेले. आजी, मुलं, टीव्ही, गृहपाठ, शेजारीण, सगळं त्या एका खोलीत. बाकीच्या खोल्यांची दारं वसंत येईपर्यंत बंद. पाहुण्याची मानाची स्वतंत्र खोली त्या बंद दारांच्या पलीकडे असायची. एकांत हवा तर रजयांच्या ढिगाखाली कुडकुडायचं, नाहीतर निमूटपणे शेगडीपाशी येऊन बसायचं. ज्या मुलांना आपल्या घरी खोलीचं दार लावून बसायची सवय होती, ती थंडीने आपोआप माणसांत आणून बसवली. भाषा शिकणं झालं ते तिथे. दहा वर्षांचं पोर वहीतला प्रश्न घेऊन येणार, आजी सोललेलं सफरचंद पुढे करणार, आणि दोघांनाही काहीतरी उत्तर देणं भागच.

आंघोळ आठवड्याला एकदा-दोनदा, पाणी तापवून. संडास अंगणाच्या टोकाला. आपल्याकडच्या खेड्यात वाढलेल्या कुणाला याचं काही वाटणार नाही, पण ओहायोच्या उपनगरातून आलेल्या मुलाला हा धडा शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा अवघड गेला असणार.

आणि खाणं. जॉर्जियन यजमानीण पाहुण्याला दोन गोष्टी करू देत नाही, उपाशी राहू देत नाही आणि पोट भरलं असं म्हणू देत नाही. ‘चामे, चामे’, म्हणजे ‘खा, खा’, हे तिथे गेलेल्या बहुतेक प्रत्येकाने शिकलेल्या पहिल्या शब्दांपैकी. पश्चिमेकडे सामेग्रेलो भागात मक्याची जाड मचादी आणि लसूण-मिरचीची अजिका ताटात आली की मराठी माणसाला भाकरी-ठेचाच आठवेल. त्याबरोबर लोबियो, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला घेवडा, अक्रोड वाटून केलेली पालकाची पखाली, आणि चीज भरलेली खाचापुरी. शाकाहारी पाहुण्याचं नेहमी कौतुकमिश्रित आश्चर्य व्हायचं. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास आले की मात्र तो सुटायचा, कारण तेव्हा अख्ख्या घराचंच मांस आणि दूधदुभतं बंद.

शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडते, आणि नेमकी तेव्हाच काखेती प्रांतात द्राक्षं उतरवायची वेळ होते. या हंगामाला र्त्वेली म्हणतात. नव्याने आलेल्या मास्तराची पहिली ओळख फळ्याआधी द्राक्षमळ्यातच व्हायची. कात्री, बादली, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला उद्या वर्गात बसणारी मुलं. रस जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मोठमोठ्या मातीच्या रांजणांत सालींसकट ओतायचा आणि आंबवायचा. या पद्धतीला ‘युनेस्को’ने २०१३ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतलं. उरल्या रसाची चुर्चखेला होते. अक्रोडाचे अर्धे तुकडे सुईने दोऱ्यात ओवायचे, वीतभर-दीडवीत माळ झाली की ती गव्हाच्या पिठाने दाट केलेल्या उकळत्या रसात बुडवायची, वर काढून निथळू द्यायची, पुन्हा बुडवायची आणि काठीला टांगायची. वाळली की बाहेरून मेणबत्तीसारखी दिसते. अक्रोड ओवायचं काम मुलांचं आणि बायकांचं, त्यामुळे पाहुणीच्या हातातही सुई येणारच. एक, दोन, तीन असं मोजत इंग्रजी आकडे शिकवायला याहून बरा वर्ग मिळणं कठीण.

पुरुष पाहुण्याची परीक्षा वेगळी. ती सुप्रामध्ये, म्हणजे मेजवानीत. सुप्राला तमादा हवा. तो ज्येष्ठ, बोलका, आणि पिऊनही न डगमगणारा असावा लागतो. एकेक विषय घेऊन तो प्याला उंचावतो: देव, शांतता, मायदेश, गेलेली माणसं, मुलंबाळं, आईबाप, पाहुणा. प्रत्येक वेळी दोन-चार वाक्यांचं भाषण, मग बाकीच्यांनी त्याच विषयावर आपलं काही जोडायचं आणि ‘गौमर्जोस’ म्हणून ग्लास रिकामा करायचा. मध्येच घोट घेणं शिष्टाचाराला धरून नाही. एखादा विषय पाहुण्याकडे वळवला की त्याला उभं राहून बोलावंच लागतं. तुटक्या जॉर्जियनमध्ये मेलेल्या आजोबांविषयी दोन वाक्यं बोललेला बावीस वर्षांचा पोरगा दुसऱ्या दिवशी गावाचा झालेला असतो, डोकं कितीही ठणकत असलं तरी. मुलींना मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांत बसवलं जायचं, किंवा सरळ ताटं नेण्याआणण्याच्या कामात ओढलं जायचं.

मुलींचा अनुभव हा या योजनेचा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. यजमानांनी पाहुणीला लेक मानलं, आणि लेकीवर जी बंधनं तीच तिच्यावरही आली. अंधार पडायच्या आत घरी. शेजारच्या मुलाबरोबर नदीवर फिरायला गेली तर गावभर बभ्रा. एकटीने मार्शुत्काने, म्हणजे गच्च भरलेल्या त्या मिनीबसने, दुसऱ्या गावाला निघाली की घरचा कुणीतरी सोबतीला. लग्नाची मागणी तर थट्टेत आणि थट्टेच्या पलीकडेही व्हायची. हे सगळं जाच म्हणून सहन केलेल्या मुली आहेत, आणि त्यात माया बघितलेल्याही आहेत. घर बदलून मागता येत असे, आणि ते मागितलंही जाई. त्या वेळी यजमानीण पोटतिडकीने विचारायची, आमचं काय चुकलं? दोन्ही बाजूंचं बरोबर असू शकतं.

आता वर्गात जाऊ. जॉर्जियन भाषेत लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना एकच सर्वनाम. त्यामुळे मुलं आईविषयी लिहिताना बेलाशक इंग्रजीतला पुल्लिंगी ‘ही’ लिहितात. इंग्रजी लेखनात जागोजाग चिकटवावं लागणारं ‘अ’ आणि ‘द’ त्यांच्या भाषेत नाहीच, म्हणून ते एकतर गळतं किंवा मिठासारखं सगळीकडे भुरभुरतं. इंग्रजी ‘एफ’चा उच्चार नाही, म्हणून तो दंतोष्ठ्य उच्चार ऐकू येईतो वेळ जातो. लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने का करायची हेही शिकावं लागतं. आणि जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे बाप, तेव्हा कुटुंबाची नावं शिकवण्याचा तास पहिल्याच मिनिटाला गडगडतो. या खाचाखोचा कुठे आहेत ते ठाऊक असतं ते गावातल्या बाईंना, कारण त्या मुलांच्याच भाषेत वाढलेल्या आहेत. पाहुण्याला त्या सहा महिन्यांनी कळतात, आणि तोवर बऱ्याचदा त्याची परत जायची वेळ झालेली असते.

म्हणूनच ही योजना कागदावर जेवढी सुटसुटीत दिसली तेवढी वर्गात उतरली नाही. बाई आणि मास्तर यांनी मिळून शिकवावं असं ठरलेलं. काही शाळांत ते छान जमलं. बाई व्याकरण समजावणार, पाहुणा खेळ घेणार, गाणी म्हणवून घेणार, मुलं हसत हसत तोंड उघडणार. काही शाळांत बाई त्याला वर्ग सोपवून मागे बसायच्या आणि तो चाळीस मिनिटं खडू हातात घेऊन घामाघूम व्हायचा. काही ठिकाणी तर त्याचं काम एवढंच राहिलं, की बाईंनी सांगितलं की उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा. तरण्याताठ्या, माणसात मिसळणाऱ्या परक्याची मुलांवर मोहिनी पडते हे खरंच. पण ज्या बाईंनी बल्ब नसलेल्या वर्गात, १९९० च्या दशकातल्या यादवीत आणि अंधारात, पगार महिनोन् महिने थकलेला असताना शाळा चालू ठेवली, त्यांना अचानक ‘तुमची इंग्रजी खरी नाही’ असं सरकारनेच सांगितल्यासारखं झालं, हे कुणी फारसं बोललं नाही.

या समजुतीला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरियॅलिझम’ या पुस्तकात, इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा माणूस, ही धारणा भ्रम म्हणून खोडून काढली. तरी जगाचा बाजार त्या भ्रमावरच चालतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा वर्षानुवर्षं मुख्यतः सात देशांच्या पासपोर्टांभोवती फिरत राहिला. शिकवणाऱ्याला शिकवता येतं का, हा प्रश्न त्याच्या पासपोर्टच्या रंगाहून मागे पडतो.

महाराष्ट्रापुढे हाच प्रश्न दहा वर्षं आधी आला होता. २००० मध्ये शालेय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते अनेकांना आठवत असेल. पण इथे परदेशी पोरं आणायचा विचारही शक्य नव्हता. असलेल्या गुरुजींनी आणि बाईंनीच ते ओझं उचललं, कधी कण्हत तर कधी कुंथत. पुढे २०१५ च्या सुमारास राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात केंद्राकेंद्रातले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र जमून इंग्रजी शिकवण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगू लागले. त्यात विमानाचं तिकीट नाही आणि अंगणातल्या द्राक्षवेलींचा रोमान्सही नाही, त्यामुळे त्यावर कुणी प्रवासवर्णन लिहिलं नाही. दोन मार्गांत शिक्षकाची किंमत कोणता राखतो, याचं उत्तर मात्र फार अवघड नाही.

परदेशी शिकवायला जाऊन स्वतःच शिकून आलेल्यांत एक नाव मोठं आहे. हार्वर्डमधून बाहेर पडलेला मायकेल क्रेमर १९८० च्या दशकात केनियाच्या पश्चिमेकडच्या एका गावात वर्षभर शाळामास्तर होता. परतल्यावर १९८६ मध्ये त्याने ‘वर्ल्डटीच’ ही संस्था उभी केली. पदवीधर पोरांना परदेशातल्या शाळांत पाठवायचं, आणि बऱ्याचदा स्थानिक कुटुंबातच ठेवायचं. पुढे अर्थशास्त्रज्ञ होऊन तो केनियाला भेटीला गेला तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या माणसाची संस्था काही शाळांना मदत करायच्या बेतात होती. सगळ्या शाळांना एकदम देऊ नका, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधी द्या आणि फरक मोजा, असं क्रेमरने सुचवलं. त्या मोजणीतून निघालेला एक निष्कर्ष इंग्रजीवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली, तर सरासरी मुलांच्या गुणांत फरकच पडला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि केनियातल्या त्या मुलांची इंग्रजी ही घरची बोली आणि स्वाहिली यांच्या मागून येणारी तिसरी भाषा. बहुतेकांना ती पुस्तकं वाचताच येत नव्हती. पॉल ग्लेवी आणि सिल्वी मुलाँ यांच्याबरोबरचा हा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. २०१९ मध्ये क्रेमरला अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, तेव्हा मराठी वाचकांना त्या बातमीत थोडं जास्त सुख मिळालं होतं.

घरात राहून देश शिकायची कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ सुरू केलं आणि पर्यटक म्हणून हिंडण्याऐवजी विद्यार्थ्याने परक्या कुटुंबात मुलासारखं राहावं ही पद्धत रुळवली. त्यातून तयार झालेले सार्जंट श्रायव्हर पुढे, १९६१ मध्ये, केनेडींच्या ‘पीस कोअर’चे पहिले संचालक झाले. पीस कोअरचे स्वयंसेवक आजही बहुतेक देशांत प्रशिक्षणाच्या काळात यजमान घरी राहतात, आणि त्यांतल्या पुष्कळांचं काम इंग्रजी शिकवण्याचंच असतं. भारतातही हे लोक १९६१ ते १९७६ या काळात होते. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या त्या याच वाटेने, परिचारिका म्हणून. जॉर्जियात पीस कोअर २००१ पासून होतं. २००८ च्या युद्धात त्याला गाशा गुंडाळावा लागला आणि पुढच्या वर्षी ते परतलं. तिथे दोन वर्षं राहायचं, आधी तीनेक महिने भाषा शिकायची, आणि स्थानिक शिक्षकाच्या जोडीनेच शिकवायचं. ज्यांनी दोन्ही पाहिलं ते पीस कोअरच्या संथपणाला झुकतं माप देतील. साकाश्विलींना मात्र घाई होती.

घाईला निवडणूक आडवी आली. १ ऑक्टोबर २०१२ ला बिद्झिना इवानिश्विली यांची ‘जॉर्जियन ड्रीम’ आघाडी जिंकली. योजना एका रात्रीत बंद पडली नाही, पण तिच्यातली हवा गेली. संख्या घटली, भर गावातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळला. साकाश्विली देश सोडून गेले, २०२१ मध्ये परतले आणि त्यांना अटक झाली.

रशियनची जागा इंग्रजीने घेतली का? शहरातल्या तरुणांपुरतं, बऱ्याच अंशी होय. पण त्याचं श्रेय पाहुण्या मास्तरांना किती आणि इंटरनेट, पर्यटन व नोकऱ्यांना किती, ते वेगळं काढता येणार नाही. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर रशियातून हजारो तरुण त्बिलिसीत येऊन राहिले. कॅफेत त्यांनी रशियनमध्ये कॉफी मागितली की विशीतला वेटर इंग्रजीत उत्तर देतो. त्याला रशियन येत नाही म्हणून, किंवा येते पण बोलायची नाही म्हणून. काउंटरमागच्या आजीबाई मात्र रशियनमध्ये हिशेब सांगून मोकळ्या होतात. त्याच रस्त्यांवर आता मराठीही ऐकू येते. इंग्रजीतून डॉक्टरकी शिकायला आलेले भारतीय विद्यार्थी हा तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांचा सगळ्यांत मोठा गट, आणि त्यात महाराष्ट्रातली मुलं आहेत. वर्ग इंग्रजीत, पण रुग्णालयात रुग्णाचं दुखणं जॉर्जियनमध्येच ऐकावं लागतं. भारतीय म्हटल्यावर जुन्या पिढीला राज कपूर आठवतो, आणि हल्ली राणी केतेवानही. १६२४ मध्ये इराणातल्या शिराझला मारल्या गेलेल्या या जॉर्जियन राणीचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्याला नेले होते. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडीक मठात ते सापडले, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्बिलिसीत नेऊन दिले.

आणि यजमानीणबाई? मार्च २०१७ पासून जॉर्जियन पासपोर्टवर युरोपच्या शेंगेन देशांत व्हिसाविना जाता येतं. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला ग्रीस-इटलीत जाणाऱ्या बायकांची वाट त्याआधीचीच, पण ती आता रुंद झाली. इटलीच्या बारी शहरात त्यांची चांगली मोठी वस्ती आहे. तिथून गावाकडे मिनीबसने पार्सलं जातात, त्यात साबण, पास्ता, मुलांचे बूट. पन्नाशीतली बाई परक्या घरात एक खोली घेऊन राहते, त्या घरच्यांसोबत जेवते आणि त्यांची भाषा स्वयंपाकघरात शिकते. मुली ‘ओ पेअर’ म्हणून जर्मनीला जातात, कुटुंबात राहून मुलं सांभाळतात. त्यासाठी व्हिसाच्या वेळी जर्मन भाषेची पहिली पायरी पार केल्याचा दाखला लागतो. शाळेत पहिलीपासून शिकलेली इंग्रजी त्या अर्जात चालत नाही.